ताशी पाच

माझं वय बासष्ट आणि नाव बेबी. या दोन गोष्टी एकत्र ऐकल्या की नवा माणूस हसतो, मग मी त्याच्याकडे बघते आणि मग तो हसायचा थांबतो. बारशाला शोधूनमाधून एक भारदस्त नाव ठेवलं होतं म्हणे, पण रेशनकार्डापलीकडे ते कोणी वापरलं नाही. आमच्या यांचं नाव मनमोहन धैर्यवान. आडनाव वाडवडिलांनी दिलेलं, त्यात यांचा काही दोष नाही. झुरळ दिसलं की हे आधी खुर्चीवर चढतात आणि मग मला हाक मारतात.

गिरगावात आम्ही विहिरीच्या वाडीत राहतो. विहीर कधीच बुजवली, आता तिथे आमची पिकअप उभी असते. ती मूळची माझ्या थोरल्या दिरांची. त्यांचा छापखाना होता, कागदाची रिमं आणायला घेतली होती. छापखाना बंद झाला, दीर गेले, मशिनं भंगारात गेली, पिकअप मात्र यांनी जाऊ दिली नाही. गोदीच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून यांचा अर्धा दिवस तिच्यातच जातो. वाडीत कोणाचं कपाट हलवायचं असो की कोणाच्या गणपतीचं मखर आणायचं असो, मनमोहन तयार. पुसून पुसून तिचा रंग निघाला आहे. मी म्हणते, इतकं निरखून मला एकदा तरी बघितलं असतंत. हे म्हणतात, तुझा रंग कुठे निघालाय अजून!

पण या पिकअपचा खरा मान पाडव्याला. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत आमच्या वाडीचा चित्ररथ तिच्यावरच उभा राहतो आणि तो हेच चालवतात. कोणी ठरवून दिलेलं नाही, वर्षानुवर्षं तसंच चालत आलं आहे. यांना वाडीत कोणी कधी अध्यक्ष केलं नाही, सत्यनारायणाच्या पूजेलासुद्धा दोन शब्द बोलायला सांगितलं नाही. पण वर्षातली एक सकाळ अशी असते की सगळी वाडी नटूनथटून यांच्या मागून चालते.

गेल्या पाडव्याला मात्र घोटाळा झाला. देखावा होता शरपंजरी भीष्माचा. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी मरायला टेकलेला म्हातारा कशाला, असं आम्ही सगळ्या बायकांनी विचारलं. पण भीष्म व्हायचं गंगाधररावांच्या मनात होतं. गंगाधरराव आमच्या मंडळाचे अध्यक्ष. गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे उभं राहायची भूमिका झेपत नाही, आणि भूमिका दुसऱ्याला देववत नाही. तेव्हा पिकअपच्या हौद्यात बांबूचे बाण ठोकले, बाणांवर दिसणार नाही अशी गादी टाकली आणि पांढरीशुभ्र दाढी लावून गंगाधरराव आडवे झाले. निघताना त्यांनी यांना बजावलं, "मनमोहन, माणसं चालतात तो वेग ताशी पाच. काट्यावर नजर ठेव. पाचच्या पुढे काटा जाता कामा नये."

आमचे हे म्हणजे आज्ञाधारकपणाचा कळस. नाक्यापर्यंत ठीक चाललं. वळण संपलं आणि गाडीने अशी काही उसळी घेतली की भीष्माचार्य घरंगळत मागच्या फळीवरून थेट लेझीमच्या मुलींत गेले. मुलींनी झेललं म्हणून लागलं काही नाही. पण इच्छामरणी भीष्माने रस्त्यात उठून बसून जी भाषा वापरली ती महाभारतात शोधून सापडणार नाही. अर्ध्या गिरगावाने ते मोबाइलवर टिपलं आणि उरलेल्या अर्ध्याला पाठवलं.

हे एवढंच सांगत राहिले, "काटा पाचवर होता. मी बघत होतो. काटा पाचवरच होता." वर्षभर, जो भेटेल त्याला. दूधवाल्यालासुद्धा.

या वर्षी पाडव्याच्या दीड-दोन महिने आधी मंडळाची बैठक भरली. आमच्या वाडीत दोन माणसं जिन्यात भेटली तरी ठराव होतो, मग बैठकीत काय विचारता! चिटणीस यशोधन. समोरच्या बिऱ्हाडातला, कुठल्याशा कंप्युटर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, स्वभावाने चांगला पण बोलताना समोर आकडेवारीचा पडदा लावल्यासारखा बोलतो. त्याने ठराव वाचला. पिकअपचा स्पीडोमीटर सदोष असल्याचं सिद्ध झालं आहे. तो दुरुस्त करून कार्यकारिणीसमोर प्रात्यक्षिक द्यावं. यात्रेत वेग ताशी पाच राखावा. चालकाचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून त्याच्या शेजारी कोणी बसू नये. हे जमलं नाही तर बाहेरचा टेम्पो, त्याच्या ड्रायव्हरसकट, आणावा.

"अरे, माणसांच्या वेगाने चालवायचं तर माणसांकडे बघून चालवू दे की," मी म्हटलं. "काट्याकडे कशाला बघायचं?"

"काकू," यशोधन म्हणाला, "जे मेजर करता येत नाही ते मॅनेज करता येत नाही."

"तुझी आई तुला मोजूनमापून वाढवत होती वाटतं," मी म्हटलं. पण ठराव झालाच.

त्या दिवशी घरी पापलेट होतं. आम्ही पाठारे प्रभू. आमच्यात माणूस आजारी पडला तरी मासा टाकत नाही. यांनी अर्धा तुकडा पानात तसाच ठेवला. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "बेबी, रथ दुसऱ्या कोणी चालवला ना, तर मी पाडव्याला इथे थांबणार नाही. वसईला ताईकडे जाऊन बसेन."

हा माणूस चाळीस वर्षांत कधी रुसून कुठे गेला नाही. रुसायला लागतो तेवढासुद्धा हट्ट याच्याजवळ नाही. मी म्हटलं, मीटर दुरुस्त होणार, रथ तुम्हीच चालवणार, आणि आधी ते पापलेट संपवा.

लालबागला पुलाच्या सावलीत राजरत्नचं गॅरेज आहे. जुन्या गाड्यांच्या मीटरचं काम करणारे आता फार उरले नाहीत, आणि जे उरलेत त्यांना आपण थोडेच उरलोय हे चांगलं ठाऊक आहे. राजरत्न तर बोलायला लागला की टॉपगिअरच. त्याने पिकअपला एक फेरी मारली, वाकून बघितलं, गिअरबॉक्सजवळ हात घातला, चाकाला एक लाथ मारली आणि निकाल दिला.

"काका, मीटर चालू आहे, पण खोटारडा आहे. टायर बदलले ना मागे? ते कंपनीच्या मापाचे नाहीत, बारके आहेत. बारकं चाक जास्त फिरणार, म्हणजे मीटर जास्त सांगणार. वरून आतली केबल सुकलीय. काटा आधी झोपतो, मग दचकून उठतो, मग उड्या मारतो."

"म्हणजे जास्त सांगतो की कमी?" मी विचारलं.

"मूड असेल तसं, काकी. आमच्या साडूसारखं." मग यांच्याकडे वळून म्हणाला, "तीस, चाळीस, पन्नास बोला, एकदम टकाटक करून देतो. पण पाचबिच विसरा. ह्या काट्याला वीसच्या खाली कोण इज्जत देत नाय."

"मला पाचच हवेत," हे म्हणाले. "ठराव आहे."

राजरत्नने आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. मला वाटलं, हसेल आणि घरी पाठवेल. पण गडी ईर्षेला पेटला. आजवर या गॅरेजमधून कोणी नापास मीटर घेऊन गेलेला नाही, असं त्याने पुलाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने जाहीर केलं. केबल नवी घातली. गिअरबॉक्सपाशी एक छोटं दातेरी चाक असतं, ते टायरच्या मापाने बदललं. मीटर खोलून आतली केसाएवढी स्प्रिंग साफ केली, काटा उचलून पुन्हा बसवला. जुन्या गाडीचे भाग लगेच मिळत नाहीत, त्यामुळे यात बरेच दिवस गेले, आणि यांनी रोज फोन करून त्याचे आणखी थोडे घालवले.

मग एका रविवारी सकाळी आम्ही चाचणीला निघालो. लालबागमध्ये एका बंद गिरणीच्या मागे लांबलचक गल्ली आहे, तिथे रविवारी कुत्रंसुद्धा नसतं. हे गाडी चालवत होते, मी शेजारी, आणि बाजूने राजरत्न स्कूटरवर. त्याच्या हँडलला मोबाइल लावलेला, त्यात खरा वेग दिसत होता.

"किती, काका?" त्याने ओरडून विचारलं.

"पाच!" हे ओरडले.

"पाच कसले? चौदा दाखवतंय!"

गाडी थांबली. राजरत्नने मीटर खोललं, काटा जरासा सरकवला, पुन्हा बंद केलं. पुन्हा निघालो.

"किती?"

"पाच! अगदी पाच!"

"काका, तीन आहे! माझी स्कूटर पडेल, इतकं हळू नका!"

पुन्हा खोललं. पुन्हा निघालो. या खेपेला यांनी पाच सांगितलं तेव्हा राजरत्नच्या मोबाइलवर अठरा होते. त्याने स्कूटर कडेला लावली, फुटपाथवर बसला आणि डोक्याला हात लावला. "एवढे मीटर खोलले आयुष्यात. ट्रकचे खोलले, बसचे खोलले. असा बेइमान नाय बघितला. काका, ही गाडी तुम्हाला फसवते की मला?"

यांचा चेहरा उतरला. "पुन्हा एकदा," ते म्हणाले. "पुन्हा एकदाच बघू."

आतापर्यंत मी, कोणी आडवं येतंय का म्हणून, रस्त्याकडे बघत होते. या वेळी म्हटलं, बघू तरी काय करतो तो मेला काटा. गाडी निघाली. त्या मीटरवर शून्यानंतर एकदम वीसचा आकडा आहे, मधे बारीक रेघा. पहिली रेघ पाचची, दुसरी दहाची, तिसरी पंधराची. काटा तिसऱ्या रेघेवर होता. न हलता, अगदी शहाण्यासारखा.

"किती?" बाहेरून आवाज आला.

"पाच!" हे म्हणाले.

मी काट्याकडे बघितलं, मग यांच्याकडे बघितलं. हनुवटी मागे ओढलेली, डोळे बारीक केलेले, मान किंचित तिरकी. हा चेहरा माझ्या ओळखीचा होता. चष्मा सापडत नसला की औषधाच्या गोळ्यांचं पाकीट हे असंच बघतात.

मला हसू आलं आणि ते दाबताना ठसका लागला. राजरत्नसमोर काही बोलायचं नाही एवढं मला कळलं. नवऱ्याला चारचौघांत उघडं पाडायचं नाही, ते काम घरी करायचं असतं. मी म्हटलं, माझं डोकं दुखतंय, आज राहू दे. परतताना भायखळ्यापाशी लांबवर एक बस दिसली, तिची पाटी यांनी मला वाचून दाखवली. मला तर ती बस आहे एवढंच दिसत होतं.

घरी आल्यावर गोळ्यांचं पाकीट यांच्या हातात दिलं. "वाचा."

यांनी हात लांब केला. मग आणखी लांब केला. हात संपला. "चष्मा दे," ते म्हणाले.

"गाडीत का लावत नाही?"

हे खुर्चीत बसले. पकडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर येतो तसा त्यांच्या चेहऱ्यावर थोडा सुटकेचा भाव आला. "वाचायचा चष्मा लावला की रस्ता धूसर होतो, बेबी. समोर माणसं असतात. काटा नाही दिसला तरी चालेल, माणूस दिसायला हवा."

"मग दोन्हीकडचा करून घ्या."

"केला होता. कपाटात आहे. तो लावून जिना उतरलो तर चार पायऱ्यांच्या सहा दिसल्या."

"आणि इतकी वर्षं कसा चालवलात रथ?"

"इतकी वर्षं काट्याकडे कोणी बघितलं होतं?" ते म्हणाले. "पुढचे थांबले की थांबायचं, चालले की चालायचं. गेल्या वर्षी गंगाधरने काटा काटा करून डोकं खाल्लं, म्हणून बघत बसलो. काटा झोपला होता की मलाच दिसत नव्हता, आता देवालाच ठाऊक."

"मग बैठकीत सांगायचं ना हे!"

"काय सांगायचं? मला काटा दिसत नाही? उद्या वाडीच्या बोर्डावर लागलं असतं. आंधळ्याच्या हाती रथ कसा द्यायचा, म्हणून दुसरा ठराव झाला असता."

मला त्यांचा राग आला, गंगाधररावांचा आला, यशोधनच्या पडद्याचा आला. एक माणूस नीट पुढे बघून गाडी चालवत होता, त्याला बळजबरीने खाली बघायला लावलं, आणि आता दोष द्यायला बिचारा काटा आहेच. पण आमच्या वाडीत झालेला ठराव मागे घेतलेला मी आजवर बघितला नाही. तो पाळल्यासारखं दाखवणं त्यापेक्षा सोपं असतं.

दुसऱ्या दिवशी मी राजरत्नला फोन केला. म्हटलं, मीटर तू पहिल्यांदा केलंस तेव्हाच बरोबर होतं, नंतर सरकवून बिघडवलंस. आता पुन्हा तसंच कर, आणि काटा मी वाचेन. त्याने का म्हणून विचारलं नाही. आपण पहिल्याच खेपेला बरोबर होतो या आनंदात तो विचारायचं विसरला. पुन्हा ती गल्ली, पुन्हा स्कूटर. मी म्हटलं पाच, तो म्हणाला पाच. मी म्हटलं दहा, तो म्हणाला दहा. राजरत्नने हँडल सोडून दोन्ही हात वर केले आणि पडता पडता वाचला.

काटा तर सरळ झाला. पण तो यांना दिसणार कसा? प्रात्यक्षिकाच्या सकाळी मी डब्यातली सगळ्यात मोठी लाल टिकली काढली आणि मीटरच्या काचेवर पाचच्या रेघेवर चिकटवली. "आता काय दिसतं?"

"काहीतरी लाल दिसतं," हे म्हणाले.

"पांढरा काटा त्या लालात घुसला की पाच. बाहेर आला की पाय उचला."

"हलताना दिसतो तसा," ते म्हणाले. त्यांच्या मानाने ही मोठीच कबुली होती.

कार्यकारिणी वाडीच्या तोंडाशी जमली. यशोधनने खिडकीतून आत डोकं घातलं. "काकू, हे लाल काय आहे?"

"कुंकू रे. नवी केबल, नवं चाक. पूजा नको करायला?"

नव्या वस्तूला कुंकू लावलं आहे म्हटल्यावर गिरगावात पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. यशोधननेही विचारला नाही. मग हे गाडी चालवू लागले आणि तो मोबाइल समोर धरून बाजूने चालू लागला. आमच्या वाडीत दोन्ही बाजूंनी चार-चार मजले; त्या फोनला आकाश काही दिसेना. तो कधी चार सांगे, कधी एकोणीस, आणि मधेच त्याच्या मते आम्ही चर्नी रोड स्टेशनात जाऊन आलो. शेवटी यशोधनने फोन खिशात घातला आणि म्हणाला, "माझ्या चालीने चाललीय गाडी. म्हणजे पाचच असणार." हेच मी बैठकीत सांगितलं होतं, पण माझ्याजवळ फोन नव्हता.

ठराव पूर्ण झाला. रथ यांचा राहिला. त्या रात्री यांनी दोन पापलेटं खाल्ली.

पाडव्याच्या सकाळी अख्खं गिरगाव रस्त्यावर. नऊवाऱ्या, फेटे, बुलेटवर बसलेल्या पोरी, ढोलांनी कानठळ्या. या वर्षी आमचा देखावा होता शेषशायी विष्णू, म्हणजे गंगाधरराव पुन्हा आडवेच. पायाशी लक्ष्मी म्हणून त्यांच्याच पद्मजावहिनी बसवल्या होत्या. दिसायला पाय चेपण्याचा देखावा. खरं म्हणजे पाय घट्ट धरून ठेवायचे, अशी त्यांना सक्त ताकीद होती. मी नथ सावरत यांच्या शेजारच्या सीटवर चढले.

"काकू," यशोधन धावत आला, "चालकाशेजारी कोणी बसू नये असं ठरावात..."

"बायको कोणी असते होय रे?" मी दार लावून घेतलं. मागे ढोल सुरू झाले, म्हणून त्याचं उत्तर मला ऐकू आलं नाही.

गाडी निघाली. काटा टिकलीत शिरला आणि शहाण्यासारखा तिथे राहिला. यांचा चेहरा गुढीसारखा टवटवीत. गॅलऱ्यांतून फुलं पडत होती, कोणी कोणी हात करत होतं. मलाही वाटलं, चला, जिंकलो. आणि ठाकुरद्वारला वळलो न वळलो तोच काटा एकदा थरथरला आणि धपकन शून्यावर पडला. गाडी चालू, काटा झोपलेला. नवी केबल तुटली होती.

माझे हातपाय गार पडले. आता यांना कळलं तर हे पुन्हा खालीच बघत बसणार, पुन्हा गाडी उसळणार, पुन्हा गंगाधरराव लेझीममध्ये. आणि मग टेम्पोचा ठराव, आणि मग वसई. हाताला येईल ते धरून मी समोर बघत राहिले.

"किती, गं?" यांनी विचारलं.

"पाच," मी म्हटलं.

"बरं," हे म्हणाले.

थोडं पुढे गेल्यावर पुन्हा, "किती?" मी पुन्हा, "पाच." पुढचं पथक दर दहा पावलांवर फोटोसाठी थांबत होतं. ते थांबले की हे थांबत, ते निघाले की हे निघत. कुठे हिसका नाही, कुठे ब्रेकचा कर्र आवाज नाही. आणि मधूनमधून, "किती?" आणि मी, "पाच." एकदा तर गाडी चक्क उभी होती, समोर पोरं मनोरा रचत होती, तेव्हा यांनी विचारलं "किती?" आणि मी घाबरून त्यालाही "पाच" म्हणून गेले. हे तेव्हाही "बरं" म्हणाले. मी जीभ चावली. पण यांच्या काही लक्षात आलेलं दिसलं नाही. देवाला म्हटलं, आज यांचं डोकं असंच साधं राहू दे.

यात्रा संपली तेव्हा गंगाधरराव उठेनात. पद्मजावहिनींनी पाय हलवले, मग खांदा हलवला. विष्णू खरोखरच झोपला होता. वाटेत घोरतही होता म्हणे, पण ढोलांमुळे भक्तांना कळलं नाही. डोळे चोळत उठले आणि मुकुट सारखा करून लगेच भाषणाला उभे राहिले. "यंत्र अचूक असलं की माणूस चुकत नाही. हे आपल्या ठरावाचं यश आहे." राजरत्न मुद्दाम बघायला आला होता. त्याला नारळ आणि शाल दिली. त्याने अभिमानाने मीटरवरून हात फिरवला. गाडी उभी, काटा शून्यावर. कोणाला काही वावगं वाटायचं कारणच नव्हतं. यांना कोणी नारळ दिला नाही. पण हे इतके खूश होते की ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. पुढच्या वर्षी विषय कोणता घ्यायचा ते पिकअपला टेकून पोरांशी बोलत होते.

घरी येऊन मी साडी बदलली आणि पुऱ्या तळायला घेतल्या. हे हातपाय धुऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"उद्या राजरत्नला बोलवायला हवं," ते म्हणाले. "ठाकुरद्वारला केबल तुटली."

माझा झारा हातातच राहिला. "तुम्हाला कळलं होतं?"

"तुटताना पायाखाली खट्ट झालं ना. इतकी वर्षं चालवतोय, एवढं कळणार नाही?"

"म्हणजे मी पाच पाच म्हणत होते ते..."

"गाडी उभी होती तेव्हाही पाच म्हणालीस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अहो, मग सारखं किती, किती, कशाला विचारत होतात मला?"

"काटा पडला तेव्हा तू माझी बाही धरलीस," हे म्हणाले. "केवढी घट्ट. हात गार पडला होता तुझा. मी किती म्हणून विचारलं, तू पाच म्हणालीस, की जरा सैल सोडायचीस. म्हणून विचारत होतो."

मी त्यांच्याकडे पाठ केली आणि कढईकडे बघत राहिले. यांना सांभाळायला म्हणून मी गाडीत बसले होते. राग आणि रडू दोन्ही एकदमच आलं, आणि कढईतली पुरी करपली. ती यांनी श्रीखंडाबरोबर मुकाट्याने खाल्ली.